एम९१ की एनजीसी ४५७१? वेल्ह्याच्या माळावरच्या एका नोंदीचं प्रकरण

वहीतली नोंद आधी जशीच्या तशी देतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. "एम९१. रात्री ११.४०. २५ एमएम आयपीस. फारच अंधुक, गोल, मधे उजळ नाही, नजर तिरकी केली तरच दिसतं. एम८९ पासून उत्तरेला दोन फील्ड, मग जरा वर. कडेला अजून एक धूसर आहे, ते जास्त ठळक??" खाली पेन्सिलीनं काढलेलं वर्तुळ, मधोमध बोटानं पुसून केलेला एक फिकट डाग, कडेच्या जरा आत दुसरा डाग, पाच-सहा तारे, आणि एका बाजूला बाण काढून 'प' लिहिलंय, म्हणजे पश्चिम. ही दोन प्रश्नचिन्हं आणि हा 'प' नसता तर हे प्रकरण कधीच सुटलं नसतं.

मार्चमधली अमावास्येच्या जवळची शनिवारची रात्र, आमचा दहा-बारा जणांचा ग्रुप मेसिए मॅरेथॉनसाठी पाबे घाट उतरून वेल्ह्याच्या पुढं एका ओळखीच्यांच्या शेतात गेला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चार्ल्स मेसिए या फ्रेंच माणसानं अठराव्या शतकात धूमकेतू शोधताना वाटेत येणाऱ्या धूसर ठिपक्यांची यादी केली, आज ती एम१ ते एम११० अशी जाते, आणि मार्च-एप्रिलच्या आसपास एका रात्रीत त्यातले जवळपास सगळे बघता येतात म्हणून जगभर हौशी लोक रात्रभर जागतात. वेल्हे बरं पडतं कारण पुण्याचा उजेड ईशान्येला राहतो, क्षितिजावर नारिंगी घुमट दिसतो पण डोक्यावर अंधार चांगला मिळतो. त्या रात्री पश्चिमेच्या डोंगरावर वणवा लागलेला होता त्यामुळं सुरुवातीला धूर होता, दहानंतर वारा फिरला आणि आकाश स्वच्छ झालं.

नोंद करणारी मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दोन वर्षं आमच्याबरोबर येते, मला काका म्हणते. दुर्बीण ग्रुपची आठ इंची डॉब्सोनियन (हातानं फिरवायची आरशाची दुर्बीण), फोकल लेंग्थ १२०० एमएम, म्हणजे २५ एमएम आयपीसनं ४८ पट मोठं दिसतं आणि एका वेळी आकाशाचा साधारण ६५ कलांचा, म्हणजे एक अंशाहून किंचित जास्त तुकडा दिसतो, हेच एक फील्ड. गो-टू (आपोआप वस्तू शोधून देणारी यंत्रणा) नाही, मोटर नाही, नकाशा बघून ताऱ्यावरून ताऱ्यावर उडी मारत जायचं. आमच्याकडे नियमच आहे की पहिली दोन वर्षं असंच शिकायचं, मोबाईल फक्त लाल कागद लावून घड्याळ बघायला.

सकाळी शेतकरी वहिनींनी केलेले पोहे खात सगळ्यांच्या वह्या जुळवायला बसलो. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ, बँकेतून रिटायर झालेले, त्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांनी तिची नोंद वाचली आणि थांबले. म्हणाले, "अगं, एम९१ ला मधे उजळ नाही असं कसं? त्याचा मधला भाग तर व्यवस्थित दिसतो, आडवा दांडा आहे त्याला. तू नक्की तिथंच होतीस का?" ती म्हणाली, "नाना, मी मोजून गेले होते, एम८९ वरून सरळ उत्तरेला दोन फील्ड." आता हे तर बरोबरच आहे. एम८९ वरून जवळजवळ सरळ उत्तरेला १ अंश ५७ कला गेलं की एम९१ येतो, विषुवांशात (आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान, बहुधा तास-मिनिट-सेकंदांत मोजतात) दोघांचा फरक जेमतेम १३ सेकंदांचा आहे. पद्धत बरोबर, वर्णन चूक. मग ग्रुपमधल्या एकानं सुचवलं की जाऊदे ना, बाकी सगळ्यांनी एम९१ पाहिलाय, तिनंही तोच पाहिला असणार, ॲपवर बघून वर्णन नीट करून टाकू, एनजीसी ४५४८ (नंतरच्या एका मोठ्या यादीतला एम९१ चा क्रमांक) लिहू आणि टिक करू.

याला मी विरोध केला, आणि जरा जोरातच केला. त्या माणसाचा हेतू चांगला होता, मुलीचा एक आकडा कमी होऊ नये एवढंच त्याच्या मनात होतं. पण ११.४० ला डोळ्यानं जे दिसलं ते सकाळी आठला ॲप बघून बदलायचं म्हणजे हातात असलेला एकमेव पुरावा आपणच खोडायचा. मी म्हटलं नोंद आहे तशी राहू दे, वही मला दोन दिवस दे, मी घरी बसून बघतो. तिनं लगेच दिली.

सोमवारी रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर वही, पट्टी, कोनमापक आणि तारानकाशा घेऊन बसलो. वर्तुळ तिनं स्टीलच्या डबीच्या झाकणानं काढलेलं होतं, व्यास ९ सेंटीमीटर. फील्ड ६५ कलांचं, म्हणजे एक सेंटीमीटरला सात कलांच्या थोडं वर. दोन डागांमधलं अंतर ३.७ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे २७ कला. डॉब्सोनियनमध्ये चित्र उलटं दिसतं पण आरशातल्यासारखं पालटत नाही, त्यामुळं कागद फिरवून 'प' उजवीकडं आणला की वर उत्तर येते, आणि तसं केल्यावर कडेचा डाग मधल्या डागाच्या पश्चिमेला आणि बराच उत्तरेला पडत होता, पश्चिमेपासून उत्तरेकडं साधारण ४५ अंशांवर. हा 'प' तिनं कसा काढला ते महत्त्वाचं आहे: दुर्बीण हलवायची नाही, नुसतं बघत राहायचं, पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकत सरकत ज्या बाजूनं फील्डबाहेर जातात ती पश्चिम. यात नकाशा लागत नाही, ॲप लागत नाही, चूक व्हायला जागाच नाही.

आता या भागात, म्हणजे कन्या आणि अरुंधती केश यांच्या सीमेवर, कन्या दीर्घिकागुच्छाचा गाभा आहे. मुठीएवढ्या जागेत आठ इंची दुर्बिणीला डझनावारी गॅलेक्सी दिसतात आणि बहुतेक सगळ्या एकसारख्याच धूसर, त्यामुळं दोन डाग जुळले म्हणून लगेच नाव ठेवता येत नाही. मी एकेक जोडी घेऊन बसलो.

नानांचा पहिला अंदाज असा होता की मधला डाग एम९१ आणि कडेचा ठळक डाग एम८८. एम८८ खरंच एम९१ च्या पश्चिमेला आहे आणि जास्त उजळही आहे, पण दोघांत ५० कलांचं अंतर आहे. एम९१ मधोमध ठेवला तर एम८८ त्या फील्डमध्ये मावतच नाही, त्रिज्या ३२ कलांची आहे. गेला. एम८९ आणि एम९० एका फील्डमध्ये येतात पण अंतर ४० कला, शिवाय एम९० चांगला लांबट आणि ठळक. गेला. एम८४ आणि एम८६ फार जवळ, १७ कला. मला सगळ्यात जास्त त्रास दिला तो एम५९ आणि एम६० यांनी, कारण त्यांच्यातलं अंतर २५ कला, तिच्या २७ च्या अगदी शेजारी, आणि स्केचमध्ये दोन कलांची चूक म्हणजे काहीच नाही, अंधारात लाल उजेडात काढलेलं चित्र ते. अर्धा तास मी याच जोडीवर अडकलो होतो. पण कोन जुळेना, एम५९ हा एम६० च्या जवळजवळ सरळ पश्चिमेला आहे, उत्तरेकडं जेमतेम १४ अंश झुकलेला, आणि तिनं ४५ काढलेत. शिवाय हे दोघेही मधे चांगले उजळ, आणि तिची ओळ तर 'मधे उजळ नाही' म्हणते.

उरली एक जोडी. मधे एनजीसी ४५७१, कडेला एनजीसी ४५४८. अंतर २८ कला, दिशा पश्चिमेपासून उत्तरेला ३८ अंश. ४५७१ ची दृश्यप्रत साधारण ११.३ (हा आकडा मोठा तितकी वस्तू मंद), चेहरा आपल्याकडं करून असलेली सपाट सर्पिल गॅलेक्सी, प्रकाश पसरलेला, मधे उजळ नाही. आणि एनजीसी ४५४८ म्हणजेच आज आपण ज्याला एम९१ म्हणतो तो. म्हणजे पोरीनं ज्याला एम९१ म्हटलं ते एम९१ नव्हतं, आणि कडेला ज्याच्यापुढं दोन प्रश्नचिन्हं टाकली तो एम९१ होता.

पण ती तिथं पोचली कशी? एम८९ वरून दोन फील्ड उत्तरेला गेली असती तर एम९१ मधोमध यायला हवा होता, ४५७१ नाही. मी फोन केला, म्हटलं त्या रात्रीचा क्रम सांग, घाई नको, चहाला कधी उठलीस तेही सांग. तिनं आठवून आठवून सांगितलं. विंडेमियाट्रिक्स म्हणजे कन्येतला तो तारा, तिथून पश्चिमेला एम६०, एम५९, एम५८ असे ओळीनं केले, मग एम८९, एम९०, ते टिक झाले, मग शेताच्या मालकांची दोन मुलं बघायला आली म्हणून तिनं दुर्बीण दुसऱ्या एका दादाकडं दिली आणि ती चहा घ्यायला गेली. दादानं मुलांना काय दाखवलं? "एम५८ दाखवला काका, तो सोपा आहे म्हणून." परत आली, आयपीसला डोळा लावला, मधे एक गोल उजळ ठिपका, तिच्या डोक्यात एम८९, निघाली उत्तरेला.

मी फोन धरून तसाच बसलो. कारण हीच अदलाबदल, एम८९ च्या जागी एम५८, याच गॅलेक्सीच्या बाबतीत, आधी एकदा झालेली आहे असं मानतात, आणि ती खुद्द मेसिएकडून झाली.

१८ मार्च १७८१ ची रात्र, पॅरिस. मेसिएनं त्या एका रात्रीत या भागात आठ धूसर वस्तू टिपल्या, आज त्या एम८४ ते एम९१ आहेत, आणि त्याच रात्री शौरीतला एम९२ हा गुच्छही. एम९१ बद्दल त्यानं एवढंच लिहिलं की तारे नसलेला तेजोमेघ, आधीच्या नव्वद नंबरच्या वर, त्याच्याहूनही मंद प्रकाशाचा. याच नोंदीला जोडून त्यानं हेही लिहिलंय की या भागातले हे सगळे तेजोमेघ अगदी चांगल्या आकाशात आणि याम्योत्तरावर, म्हणजे आपल्या वाटेवरच्या सर्वांत उंच जागी, असतानाच दिसतील. (पुण्यातून याम्योत्तरावर हे जवळजवळ डोक्यावरच येतात, खस्वस्तिकापासून फक्त चार अंश, आणि डॉब्सोनियन तिथं वळवणं महाकठीण, नळी सरळ उभी झाली की डावं-उजवं काही उरत नाही. म्हणून आम्ही दीड-दोन तास आधीच बघून घेतो.) त्यानं एम९१ ची जागा दिली ती त्या काळच्या हिशेबानं विषुवांश १८६ अंश ३७ कला, क्रांती (उत्तर-दक्षिण स्थान) उत्तर १४ अंश ५७ कला. आणि त्या जागी काहीच नाही.

जवळपास दोनशे वर्षं हा प्रश्न राहिला. एम९१ हरवलेला म्हणून जुन्या याद्यांमध्ये आणि नकाशांमध्ये त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह किंवा नुसती रिकामी जागा असायची. विल्यम हर्शेलनं ८ एप्रिल १७८४ ला एनजीसी ४५४८ स्वतंत्रपणे शोधली, पण ती मेसिएचीच आहे हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं, कारण मेसिएनं दिलेली जागा जवळजवळ एक अंश बाजूला. कुणी म्हणालं तो धूमकेतू असेल, येऊन गेला. ४५७१ चंही नाव पुढं आलं कारण दिलेल्या जागेपासून ती अर्ध्या अंशाच्या आतच आहे, पण मेसिएच्या लहान दुर्बिणीतून ती दिसणं फार अवघड. १९६० मध्ये ओवेन गिंगरिच यांनी मांडलं की एम९१ म्हणजे एम५८ च चुकून दुसऱ्यांदा नोंदला गेलाय.

मग १९६९ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचे डब्ल्यू. सी. विल्यम्स, हे हौशी निरीक्षक, यांनी स्काय अँड टेलिस्कोप मासिकाला एक पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. मेसिए एखाद्या नव्या वस्तूची जागा थेट मोजत नसे, जवळच्या माहीत असलेल्या वस्तूपासून फरक मोजायचा, आडवा फरक घड्याळावर, उभा फरक अंशात, आणि तो फरक माहीत असलेल्या जागेत मिळवायचा. एम५८ ची जागा त्यानं १७७९ मध्येच काढलेली होती. विल्यम्स म्हणाले की त्या रात्री त्यानं फरक मोजला एम८९ पासून, पण कागदावर मिळवला एम५८ च्या जागेत. तो फरक उचलून एम८९ ला लावून बघा.

मी टेबलावर लावून बघितला. आधी त्याची जागा २००० सालच्या हिशेबात आणावी लागते कारण अयनचलनामुळं, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलतो म्हणून, मोजणीचा आरंभबिंदू (संपातबिंदू) सरकतो, २१९ वर्षांत या भागातल्या ताऱ्यांचा विषुवांश साधारण ११ मिनिटांनी वाढला आणि क्रांती १ अंश १२ कलांनी कमी झाली. करून येतं १२ तास साडेसदतीस मिनिटं, १३ अंश ४५ कला. त्यातून एम५८ ची जागा वजा केली, एम८९ ची मिळवली, आणि उत्तर एनजीसी ४५४८ पासून दोन कलांच्या आतबाहेर पडलं. हाताने गणित करताना असं काही जुळतं तेव्हा काय वाटतं ते सांगता येणार नाही, मी रात्री बाराला बायकोला उठवून दाखवलं.

पुण्यात वाढलेल्या माणसाला हे खरं तर परकं वाटायला नको. आमच्या घरी टिळक पंचांग, मामाकडं दुसरं, आणि लहानपणी प्रश्न पडायचा की ग्रह तोच, आकाश तेच, मग राशीतले अंश वेगळे कसे. उत्तर हेच की मोजायला सुरुवात कुठून केली. टिळक पंचांग रैवत पक्ष धरतं, बाकीची बहुतेक चित्रा पक्ष, दोघांत सुमारे चार अंशांचा फरक, आणि तेवढ्यानं कधी कधी अधिक महिनासुद्धा वेगळा येतो. ग्रहाची मोजणी दोघांचीही बरोबर असते, आरंभबिंदू वेगळा असतो. मेसिएचा फरकही बरोबर होता, आणि आमच्या मुलीचे दोन फील्डसुद्धा बरोबर होते. एम५८ वरून सरळ उत्तरेला तेवढंच गेलं की जी रिकामी जागा येते तिथं मेसिएचा एम९१ कागदावर बसलेला आहे, आणि त्या जागेपासून २८ कला उत्तरेला, म्हणजे तिच्या फील्डच्या अगदी वरच्या कडेला, ४५७१ डोकावते. म्हणून ती लिहिते "मग जरा वर". ते दोन शब्द तिथं का आहेत हे मला तेव्हा कळलं.

नाव पक्कं किती, हेही सांगायला हवं. मेसिएनं कुठं लिहून ठेवलेलं नाही की मी एम५८ धरला. विल्यम्सचा तर्क आहे, पण तो जागा सांगतो, प्रकाशही जुळतो (एम९० हून मंद, आणि त्याच्या वरच्या बाजूला), आणि एकाच चुकीनं सगळं उलगडतं. मला तो पटतो. एम४७ चंही असंच होतं, मेसिएनं दिलेल्या जागी गुच्छच नव्हता, नंतर लक्षात आलं की जवळच्या एका ताऱ्यापासून मोजलेल्या फरकाची चिन्हं उलटी लागलीत, ती फिरवली की एनजीसी २४२२ सापडतो. ही जी उत्तरं मिळाली ती केवळ यामुळं की त्यानं आपले आकडे आहेत तसे छापले, नंतर कुणी ते दुरुस्त करून पुसले नाहीत. विल्यम्सना काम करायला ते चुकीचे आकडेच हवे होते.

नानांनी मधे एक चांगला प्रश्न विचारला होता, की एम९१ ची दृश्यप्रत १०.२ लिहिलीय तर मग हा एवढा मंद का वाटतो, त्याच प्रतीचा तारा तर आठ इंचीत लख्ख दिसतो. ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत असतो आणि याचा तेवढाच प्रकाश साडेपाच कला बाय सव्वाचार कला एवढ्या जागेवर पसरलाय, चमचाभर तूप एका पोळीवर आणि दहा पोळ्यांवर लावण्यातला फरक. मधला गाभा आणि त्यातून निघणारा दांडा एवढाच ठळक, दांड्याच्या टोकांपासून निघणारे सर्पिल हात मंद. आणि या हातांचं कारणही आहे. १९७६ मध्ये सिडनी व्हॅन डेन बर्ग यांनी अशा सर्पिलांना 'ॲनिमिक' म्हणजे रक्तक्षय झालेल्या म्हटलं आणि एनजीसी ४५४८ हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण आहे. कन्या गुच्छात गॅलेक्सींच्या मधल्या जागेत तप्त वायू भरलेला आहे, त्यातून वेगानं जाताना गॅलेक्सीचा स्वतःचा थंड हायड्रोजन मागं ओढला जातो, आणि हायड्रोजन कमी म्हणजे नवे तारे कमी, निळे तेजस्वी तारे नाहीत तर हात फिके. हबल दुर्बिणीनं यातले सेफिड (ठरावीक लयीत कमी-जास्त उजळणारे) तारे मोजून अंतर काढलंय, पाच कोटी प्रकाशवर्षांच्या थोडं वर. म्हणजे एवढ्या लांबचा तो आडवा दांडा वेल्ह्याच्या शेतातून आठ इंची आरशानं दिसतो, मला अजून दरवेळी गहिवरून येतं.

कागदावर जुळलं तरी आकाशात बघितल्याशिवाय नाना मान्य करणार नव्हते, आणि ते योग्यच होतं. एप्रिलच्या अमावास्येला परत तिथंच गेलो. एव्हाना हा भाग सव्वाअकराच्या सुमाराला डोक्यावर येतो, म्हणून नऊलाच सुरू केलं. आधी ज्या पोराला या प्रकरणाचं काही माहीत नव्हतं त्याला एम५८ लावून दिला आणि सांगितलं दोन फील्ड उत्तरेला जा, काय दिसतं बोल. तो म्हणाला, "काहीच नाही." मग पाचेक मिनिटं थांबून, "वरच्या कडेला काहीतरी आहे, नक्की नाही." त्यानं ते मधे आणलं आणि आपणहून म्हणाला की आता बाजूला दुसरं आलंय, ते बरं दिसतंय. मुलगी शेजारी उभी होती, तिनं तोंडावर हात ठेवला होता, आम्ही तिला एक शब्द बोलायचा नाही असं बजावलेलं.

मग वेळ मोजली. वायरीतली तांब्याची एक बारीक तार सोलून २५ एमएमच्या आत कडेला चिकटवली, पूर्व-पश्चिमेला काटकोनात फिरवली, एनजीसी ४५४८ चा गाभा तारेमागं आला की स्टॉपवॉच सुरू, दुर्बिणीला हात नाही, आणि दक्षिणेच्या बाजूनं ४५७१ तारेवर येईपर्यंत वाट बघायची. दोघींच्या विषुवांशात बरोब्बर ९० सेकंदांचा फरक आहे. पहिल्यांदा ८६ आले, मग ९७, मग ९१. ४५७१ एवढी पसरट आहे की तिचा मध्य कुठला हेच ठरवताना पाच-सात सेकंद जातात, तारेमागून पूर्ण जायला तिला पाव मिनिट लागतं, त्यामुळं ९७ चा आकडा मी काढून टाकू दिला नाही. एम५९ आणि एम६० असते तर ९८ आले असते, आणि हो, ९७ त्याच्याच जवळचा आहे, म्हणून नानांनी लगेच तीही जोडी लावून बघायला लावली. ती एवढी उजळ आहे की पहिल्या नजरेतच सगळे म्हणाले ही नव्हे.

शेवटी मुलगी स्वतः बसली, एम९१ मधोमध घेतला, आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "काका, दांडा दिसतो. थोडा तिरका आडवा आहे."

वहीत आता अशी स्थिती आहे. ११.४० ची ओळ तशीच, एक अक्षर बदललेलं नाही. तिच्या समोर समासात निळ्या शाईनं तारीख घालून: "मधला डाग एनजीसी ४५७१. सुरुवात एम८९ समजून एम५८ वरून. कडेचा डाग एनजीसी ४५४८ = एम९१." मॅरेथॉनच्या आकड्यात तो धरायचा की नाही यावर नाना आणि माझं अजून एकमत नाही. नाना म्हणतात ओळखलं नाही तर पाहिलं कसं म्हणायचं. मी म्हणतो तिनं त्या वेळी डोळ्यानं पाहून योग्य जागी काढला आणि जास्त ठळक आहे असंही लिहिलं, नाव नंतर मिळालं. तिनं टिक केलेली नाही, तिथं पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह आहे, आणि एप्रिलच्या पानावर एम९१ ची नवी ओळ, वेळ ९.५०, पुढं टिक.